राहुटी, डेरा आणि शामियाना : मराठी छावणीचा तंबू निवडताना

मराठ्यांचे राज्य घोड्याच्या पाठीवर वाढले, असे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेही आहे. परंतु घोड्यावरून उतरल्यावर तो स्वार रात्री कोठे निजत असे, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. किल्ल्यांवर ग्रंथ झाले, तलवारींची संग्रहालये झाली, पागोट्यांच्या घाटांवरही विद्वानांनी वाद घातले. तंबूच्या वाट्याला मात्र उपेक्षाच आली. वास्तविक दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत वर्षातील सात-आठ महिने मराठी फौजेचे घर, कचेरी, देवघर आणि बाजार हे सारे कापडाच्या छपराखालीच असे. राज्यकारभाराच्या अठरा कारखान्यांच्या यादीत फरासखाना, म्हणजे तंबू, कनाती, बिछायती यांची व्यवस्था पाहणारे खाते, मानाने मोडत असे. पुण्यात फरासखाना हे नाव आजही सर्वांच्या तोंडी आहे. त्या नावाचा तंबूशी काही संबंध आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते.

या विषयाकडे आम्हास वळविले ते मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाने. एखाद्या मोकळ्या मैदानावर ऐतिहासिक मराठी छावणी उभारावी, आपल्या मुलामुलींनी त्या काळचा पेहराव करून तीत एक-दोन दिवस प्रत्यक्ष वस्ती करावी, अशी कल्पना कार्यकारिणीपुढे आली. पोशाख, शस्त्रे, जेवणाचे पदार्थ यांवर पुष्कळ चर्चा झाली. तंबूंचे काय, असे विचारता, ते कोणाही मंडपवाल्याकडून आणता येतील, असे सहज उत्तर मिळाले. तंबूंविषयी टिपण करण्याचे काम आमच्याकडे आले. आयुष्य सरकारी टिपणे लिहिण्यात गेल्यामुळे ते काम आम्ही आनंदाने पत्करले. आणि वाचीत गेलो तसतसे आमच्या ध्यानी आले की, हा प्रश्न सजावटीचा नसून इतिहासाचा आहे. कोणता तंबू निवडावा, याचे उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : साल कोणते, तंबूत राहणारा कोण, आणि तंबू कशासाठी. ही तीन उत्तरे चुकली तर बाकीचा सर्व थाट व्यर्थ होय.

प्रथम नावांचा विचार करू. आपण सरसकट ‘तंबू’ म्हणतो. जुन्या माणसांपाशी त्यासाठी निरनिराळे शब्द होते. सर्वांत साधे ते पाल. दोन हलक्या काठ्या आणि त्यांवरून दोन्ही बाजूंस उतरते ताणलेले कापड, एवढाच त्याचा संसार. त्यास भिंती नसत आणि आढेही नसे. आपल्याकडे भटक्या जमातींच्या संदर्भात ‘पाल ठोकणे’ हा वाक्प्रचार आजही ऐकू येतो. त्यावरची पायरी राहुटीची. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात राहुटीचे वर्णन निमुळत्या छपराचा, बाहेर वळचण नसलेला लहान तंबू असे केले आहे. डेरा हा मोठा, मानकऱ्याचा. शामियाना म्हणजे चार बाजू मोकळ्या ठेवलेले छत. ते दरबारासाठी किंवा भेटीसाठी उभारीत. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज व अफझलखान यांच्या भेटीसाठी जो मंडप सजविला होता, त्याने हा शब्द मराठी मुलांच्या कानी बालपणीच पडतो. आणि कनात म्हणजे कापडाची उभी भिंत. तिने छावणीतल्या छावणीत अंगण, आडोसा आणि जनाना निर्माण होई. यांखेरीज तणावे, मेखा, मोगरी, झालर, अस्तर आणि शिरोभागी कळस, असा हा सारा परिवार होता.

आता कापड. ‘कॅनव्हासचा तंबू’ हा शब्दप्रयोग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, सर्व काळचे तंबू कॅनव्हासचेच असावेत असे वाटते. युरोपात त्या जाड कापडाचे मूळ भांग जातीच्या झाडाच्या वाखात आहे, आणि त्या वनस्पतीच्या लॅटिन नावावरूनच हा शब्द आला. आपल्या देशातील तंबू मुख्यतः कापसाच्या जाड्याभरड्या, हातमागावर विणलेल्या कापडाचे असत. हातमागाचा पन्हा अरुंद. म्हणून छपरावर जागोजागी उभ्या शिवणी दिसणारच. आज बाजारात मिळणाऱ्या कापडाचा पन्हा रुंद असतो, शिवण यंत्राची असते, भोकांस पितळी कड्या ठोकलेल्या असतात आणि रंग बहुधा खाकी वा हिरवट असतो. यांतील प्रत्येक गोष्ट एकोणिसाव्या शतकाची किंवा त्यानंतरची साक्ष देते. खाकी रंग इंग्रजी फौजेत शिरला तो १८४० नंतरच्या दशकात; बंगालमध्ये रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी निघाली ती १८५५ साली; आणि एका खांबाभोवती घंटेसारखा पसरणारा जो गोल तंबू चित्रपटांत हमखास दिसतो, तो त्याच सुमाराच्या पाश्चात्य पलटणींचा. असा तंबू पानिपताच्या देखाव्यात उभा करणे म्हणजे भाऊसाहेबांच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखेच आहे.

मराठी तंबूचे मर्म कळावयाचे असेल तर मोगली तंबूकडे आधी पाहावे लागते. अबुल फजल याने ‘आईने अकबरी’त बादशाही फरासखान्याचे वर्णन दिले आहे. मोठ्या ‘बारगाह’ तंबूत दहा हजारांहून अधिक माणसे मावत आणि तो उभा करण्यास एक हजार फरासांस यंत्रांच्या साहाय्याने एक आठवडा लागे, असे तो सांगतो. फ्रेंच प्रवासी बर्निए हा औरंगजेबाच्या काश्मीरच्या प्रवासात बरोबर होता. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एक वापरात असता दुसरा एक मजल पुढे जाऊन सज्ज होई, ही व्यवस्था त्याने नोंदविली आहे. तांबडा रंग हा बादशाही तंबूचा मान होता. पुढे १६९५ साली इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने दक्षिणेत गलगले येथे औरंगजेबाची छावणी पाहिली. तिचा घेर ३० मैल आणि तीत २५० बाजार, असे त्याने लिहिले. ती छावणी नव्हतीच. ती चालती राजधानी होती. चालती म्हणावयाची एवढेच. तिचे चालणे किती मंद असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

या पार्श्वभूमीवर १६७७ सालचे एक चित्र पाहावे. शिवछत्रपती त्या वेळी कर्नाटकच्या स्वारीत होते. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तँ याच्या स्मरणलेखात महाराजांच्या छावणीचे वर्णन आले आहे. तेथे डामडौल नव्हता, स्त्रिया नव्हत्या, अवजड सामान नव्हते; अवघे दोन तंबू, तेही साध्या भरड कापडाचे आणि अगदी लहान; एक राजाचा व दुसरा प्रधानाचा. राज्याभिषेक होऊन तीन वर्षे झाली होती. रायगडावर सिंहासन होते, छत्र होते, तांबडा डेरा उभारण्याचे सामर्थ्य होते. तरीही स्वारीत दोन भरड तंबू! हे दारिद्र्य नव्हे. ही राज्यकर्त्याची निवड होती. ज्याचे घर घटकाभरात गुंडाळून घोड्यावर लादता येते, त्यास शत्रू गाठू शकत नाही, हा हिशेब त्या दोन तंबूंत आहे. चिपळूणच्या छावणीस १६७० च्या दशकात पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रातही हीच दृष्टी दिसते. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर वात पळवील, ती गवतास लागेल आणि घोडी जातील, इतक्या बारकाईने तेथे बजावले आहे. छावणी कशाची बनते आणि कशाने जळते, हे त्या राजास ठाऊक होते.

तंबू हे सत्तेचे चिन्ह होते, म्हणूनच ते शत्रूचे लक्ष्यही होते. संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ साली संताजी घोरपडे व त्यांच्या साथीदारांनी तुळापूरच्या बादशाही छावणीवर छापा घातला, तंबूचे तणावे कापले आणि वरचे सोन्याचे कळस काढून नेले, ही हकीकत बखरकारांनी सांगितली आहे. बादशहा त्या रात्री वाचला. पण कळस गेले. त्या काळच्या माणसास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. देवळाचा कळस जावा तसेच ते होते.

यानंतर पाऊणशे वर्षांत चित्र पालटले. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ पतदुराहून उत्तरेकडे निघाले, तेव्हाच्या लवाजम्याचे वर्णन ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात केले आहे. उंच व प्रशस्त डेरे, आत रेशमाचे व बनातीचे अस्तर, वर सोनेरी कळस, असा तो थाट होता. आता या दोन चित्रांची तुलना करून, ‘भरड कापड होते तोवर विजय मिळाले, रेशीम आले आणि पानिपत झाले’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आम्ही तो काढीत नाही. पानिपताची कारणे रेशमी अस्तरात शोधणे न्यायाचे होणार नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली, मराठी फौजेची दक्षिणेकडील वाट तुटली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. उपासमारीने फौज खंगली ती यामुळे. शिवाय उत्तरेत राजेरजवाड्यांशी बरोबरीच्या नात्याने बोलावयाचे, तह करावयाचे, दिल्लीच्या तख्ताचा बंदोबस्त करावयाचा, तर दरबारी डेरा ही राजकारणाची गरज होती. तेथे पाल ठोकून भागले नसते. खरे ते एवढेच की, राज्य मोठे झाले तसा तंबूही जड झाला, आणि जड तंबूबरोबर जड बाजार, जड बुणगे व जड जबाबदाऱ्या आल्या. वेग आणि वैभव यांचे ओझे एकाच घोड्यास वाहावे लागले.

म्हणून पानिपताची छावणी दाखवू इच्छिणाऱ्यांनी महिना नेमका ठरविला पाहिजे. १७६० च्या मार्चमधील डेरे वेगळे, आणि १४ जानेवारी १७६१ च्या पहाटेची, उपाशी जनावरांची आणि थंडीने गारठलेल्या माणसांची खंदकाआडची छावणी वेगळी. त्या पहाटेच्या देखाव्यात लखलखीत नवा शामियाना उभारणे ही केवळ चूक नव्हे, तर त्या माणसांच्या हालांचा तो अनादर होईल.

मराठी छावणीची रचना तपशिलाने पाहावयाची असल्यास १८०९ सालाकडे यावे लागते. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेंटाच्या रक्षकदलाचा अधिकारी टॉमस ब्रॉटन त्या वर्षी शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची पत्रे १८१३ साली लंडनास पुस्तकरूपाने निघाली. त्याची दृष्टी परक्याची आहे आणि जेत्याचा तोराही तीत आहे. तो वजा करून वाचल्यास माहिती अनमोल आहे. कूच झाले की बिनीवाला पुढे जाई आणि नव्या मुक्कामी पांढरे निशाण रोवून महाराजांच्या डेऱ्यांची जागा मुक्रर करी. मग निरनिराळ्या बाजारांची निशाणे शक्य तितक्या सरळ रेषेत आणि दर मुक्कामी त्याच क्रमाने लागत. त्यामुळे नव्या मैदानावर, अंधारातसुद्धा, प्रत्येकास आपला वाणी, आपला सरदार आणि आपला तंबू सापडे. गाव रोज हले. गल्ल्या मात्र हलत नसत. बिनीवाले हे आडनाव आजही आपल्यात आहे. १७६९ नंतरच्या उत्तरेतील मोहिमेमुळे विसाजी कृष्ण बिनीवाले यांचे नाव तर इतिहासात कायमचे राहिले. या आडनावामागे एक पांढरे निशाण आणि उद्याच्या मुक्कामाची चिंता उभी आहे.

आता मूळ नमुन्यांकडे वळू. जुने तंबू आज पाहावयास मिळतात काय? थोडे मिळतात. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात सतराव्या शतकातील तांबड्या मखमलीचा, जरीकामाचा ‘लाल डेरा’ जतन केलेला आहे. वेल्समधील पॉविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा फुलाफुलांच्या छिटाचा तंबू आहे. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर तो क्लाइव्हच्या घराण्याकडे गेला आणि पुढे तेथल्या उद्यानभोजनांस त्याची सावली झाली. दोन्ही अप्रतिम आहेत. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये : टिकला तो राजाचा तंबू. शिपायाची राहुटी उन्हात विटली, पावसात कुजली, फाटल्यावर तिची पोती झाली, पोत्यांची चिरगुटे झाली आणि ती संपून गेली. संग्रहालयात तिला जागा मिळाली नाही. म्हणून आपल्या कल्पनेतही मिळाली नाही. छावणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मखमल येते, याचे कारण मखमलच तेवढी मागे उरली, हे होय. शंभर माणसांतील एकाच्या छपरावरून उरलेल्या नव्याण्णवांचे घर ओळखण्याचा हा प्रकार आहे.

या विचाराने आम्ही टिपणात पुढील शिफारशी केल्या. छावणी १८०९ सालची, शिंदेशाही असावी. कारण त्या सालाची रचना आपणास तपशिलाने ठाऊक आहे. मध्यभागी एकच डेरा, भोवती कनात, समोर दरबारापुरता लहान शामियाना. खर्चाचा मोठा भाग मात्र राहुट्यांवर व्हावा. त्या पांढऱ्या, न धुतलेल्या जाड सुती कापडाच्या, अरुंद पट्ट्या जोडून हाताने शिवलेल्या असाव्यात. कड्यांऐवजी कापडातच शिवलेले दोरीचे फासे असावेत. तणावे सुताचे किंवा अंबाडीचे, मेखा लाकडाच्या. आणि एका बाजूस, बाजाराच्या निशाणाखाली, पाले असावीत. वाणी, लोहार, तेली, पखालजी, दळणकांडण करणाऱ्या बाया, आजारी म्हातारे, तान्ही मुले यांची ती घरे. ‘बाजारबुणगे’ हा शब्द आपण आज हेटाळणीने वापरतो. पण ज्या भाकरीवर स्वार लढला ती भाकरी त्याच पालात भाजली गेली होती. आमच्या मुलांनी एक रात्र डेऱ्यात नव्हे, पालात काढावी, असे आम्ही आग्रहाने लिहिले.

काही व्यावहारिक सूचनाही ओघाने आल्या. सरकारी दौऱ्यांत तंबूत राहण्याचा योग आम्हास अनेकदा आला असल्यामुळे त्या अनुभवाच्या आहेत. सुती कापड पहिल्या पावसात गळते. मग धागे भिजून फुगतात, विणीची छिद्रे मिटतात आणि गळणे कमी होते. म्हणून नवा तंबू वापरापूर्वी एकदा भिजवून वाळवावा. भिजल्या छपरास आतून बोट लावू नये; तेथूनच पाणी झिरपू लागते. सुती दोर भिजला की आखडतो, तेव्हा रात्री झोपण्यापूर्वी तणावे किंचित सैल करावे. नाहीतर मेखा उपटतात किंवा कापड फाटते. तंबूभोवती वीतभर खोल चर खणावा. ओला तंबू गुंडाळून ठेवल्यास त्यास बुरशी धरते. आणि आगीच्या बाबतीत ऐतिहासिकतेचा आग्रह धरू नये : राहुटीत उघडा दिवा नको, दोन राहुट्यांत पुरेसे अंतर हवे, आणि आग विझविण्याचे आजचे साधन कनातीआड का होईना, पण हाताशी हवे. चिपळूणच्या छावणीस जे बजावले गेले, त्याचेच हे आजचे पालन होय.

कोणी विचारील, दोन दिवसांच्या देखाव्यासाठी इतका काथ्याकूट कशास? त्यास आमचे उत्तर असे. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलास इतिहास डोळ्यांनी दिसतो; गड समोर असतात, वाडे असतात, गावोगावची नावे बोलतात. दूरदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांना तो आपण दाखवू तेवढाच दिसणार. आपण मखमल दाखविली तर आपले पूर्वज म्हणजे मखमलीत बसणारे लोक, असे त्यांस वाटेल, आणि तो समज त्यांच्या काहीच उपयोगी पडणार नाही. राहुटी दाखविली तर, घर सोडून शेकडो कोस दूर जाऊन, परक्या मुलखात दररोज नवे गाव वसविणारी माणसे त्यांस भेटतील. नोकरीनिमित्त बदलीच्या गावी संसार थाटणाऱ्या त्यांच्या आईबापांशी त्या माणसांचे नाते त्यांस आपसूक कळेल.

आणि हे नाते कल्पनेतले नाही. ब्रॉटनने पाहिलेली शिंद्यांची ती हिंडती छावणी पुढच्याच वर्षी, १८१० साली, ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली. डेरे होते तेथे वाडे आले, बाजाराची निशाणे होती तेथे दुकानांच्या रांगा आल्या, राहुट्यांच्या जागी मातीची आणि मग दगडाची घरे उभी राहिली. मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्या वस्तीने छावणीचे नाव मात्र टाकले नाही. ती आजही ‘लष्कर’ म्हणूनच ओळखली जाते, आणि तिच्यातील एक भाग ‘कंपू’ म्हणून. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचे पहिले घर कापडाचे होते, याची याहून बोलकी खूण दुसरी कोणती हवी?